मंत्र्यांची दाढ आणि पूर्तताबाईंचं रजिस्टर

ऑफिसात त्यांना सगळे पूर्तताबाई म्हणत. खरं नाव हजेरीपटावर होतं आणि तिथेच सुखात होतं, कारण एकोणतीस वर्षांत त्याची कुणाला गरज पडली नव्हती.

काम सांगायला सोपं. सभागृहात आमदार प्रश्न विचारतात, मंत्री उत्तर देतात, आणि उत्तर देता देता काहीतरी कबूल करून बसतात. बघू म्हणतात, करू म्हणतात, देऊ म्हणतात आणि जेवायला जातात. हे कबूल केलेलं हवेत विरून जाऊ नये म्हणून एक आश्वासन शाखा असते. सभागृहातलं बोलणं शब्दन् शब्द टाइप होऊन दुसऱ्या दिवशी बाईंच्या टेबलावर यायचं. बाई लाल पेन्सिलीनं त्यातली आश्वासनं तांदळातल्या खड्यांसारखी वेचायच्या, रजिस्टरात चढवायच्या आणि खात्याला पत्र धाडायच्या. नव्वद दिवसांत काम झालं तर शेवटच्या रकान्यात 'पूर्तता झाली'. उशीर झाला तर त्याच्या शेजारी 'विलंबाचे कारण'. झालंच नाही तर स्मरणपत्र, मग दुसरं स्मरणपत्र, मग तिसरं. बाईंचं तिसरं स्मरणपत्र आलं की भलेभले अधिकारी रजेवर जायचे.

आश्वासन कशाला म्हणायचं याची एक यादी भिंतीवर चिकटवली होती. त्यात चौतीस वाक्यं होती. नुसतं 'बघतो' धरायचं नाही, 'जातीनं लक्ष घालतो' धरायचं. 'प्रयत्न करू' बाराव्या नंबरला. आणि सातव्या नंबरला सगळ्यांचा बाप, 'मी सभागृहाला खात्री देतो'. ते वाक्य तोंडातून निघालं की पुढे जे काही येईल ते आश्वासन. त्यात बदल नाही, सूट नाही.

आता माणूस दिवसभर जे करतो ते घरी आल्यावर चपलेबरोबर काढून ठेवता येतं थोडंच? बाईंची घरी एक निळी वही होती. नवरा 'उद्या नळ बघतो' म्हणाला की लागली नोंद. लग्न झालं तेव्हा हा गृहस्थ चांगला बोलका होता म्हणे. आता तो फक्त 'हं' म्हणायचा, कारण 'हं' यादीत नव्हतं.

वहीतली पहिली नोंद मात्र नवऱ्याच्या नावाची नव्हती. ती होती सासूबाईंच्या नावाची, लग्नानंतर चौथ्या दिवसाची. नव्या सुनेनं चहा केला, नवरा म्हणाला, "वा!" आणि सासूबाई कप खाली ठेवत म्हणाल्या, "माझ्या तोंडून शाब्बास ऐकायचं असेल तर माझे दात पडेपर्यंत थांब." सुनेनं मान खाली घालून ऐकून घेतलं, आत गेली आणि वहीत लिहिलं. मुदत, दात पडेपर्यंत.

बत्तीस वर्षं गेली. सासूबाई एक्याऐंशीच्या झाल्या. दात एकेक करून पडले, आणि जिभेची धार तेवढी राहिली. शाब्बास काही आलं नाही. बाईंनी तीन-तीन मंत्र्यांना एका दिवशी स्मरणपत्रं धाडली होती, पण सासूला धाडायची छाती झाली नाही.

उलट अडकल्या त्या बाईच. झालं असं, की एकदा जेवताना सासूबाई दुधात बुडवलेला पाव चिवडत म्हणाल्या, "एक सफरचंद कर्रकन चावून खावंसं वाटतं गं. किसलेलं खाऊन कंटाळले." बाईंचं मन भरून आलं आणि त्या बोलून गेल्या, "आई, सहा महिन्यांत तुम्हाला कवळी बसवून देते." स्वतःच्या हातानं स्वतःच्या नावावर नोंद केली. आणि बरोबर आठव्या दिवशी गल्लीच्या टोकाच्या सरकारी दवाखान्यातली दातांची खुर्ची बिघडली.

खुर्ची खाली जायची, वर यायची नाही. सासूबाईंच्या हिरड्यांत तीन खुंट उरले होते, ते काढल्याशिवाय कवळीचं माप घेता येत नव्हतं, आणि खुर्चीशिवाय खुंट काढायला डॉक्टरीणबाईंना परवानगी नव्हती. खासगीत जाऊ म्हटलं तर सासूबाई उसळायच्या. "मी सरकारी शाळेत शिकले, सरकारी दवाखान्यात बाळंत झाले, दातही सरकारीच घेणार. तुझे सासरे चाळीस वर्षं नळखात्यात राबले ते काय मी खासगीत तोंड उघडावं म्हणून?" सहा महिन्यांचे एकोणीस महिने झाले. रोज संध्याकाळी सासूबाई बोळक्या तोंडानं विचारायच्या, "काय झालं माझ्या दातांचं?" एकोणतीस वर्षांत जगाला स्मरणपत्रं पाठवणारी बाई रोज स्वतःच्या स्वयंपाकघरात स्मरणपत्र घेत होती.

त्या भागाचे आमदार पूर्वी गणिताचे मास्तर होते आणि अजूनही मास्तरच होते. या खुर्चीवर त्यांनी चार वेळा प्रश्न विचारला होता. पाचव्यांदा ते उभे राहिले तेव्हा सभागृहातले निम्मे लोक डुलक्या घेत होते.

"दवाखान्यातली दातांची खुर्ची एकोणीस महिने नादुरुस्त आहे, हे खरे आहे काय?"

"हे अंशतः खरे आहे," आरोग्यमंत्र्यांनी कागद वाचला. "खुर्ची खाली जाते. केवळ वर येत नाही."

"म्हणजे पन्नास टक्के चालते?"

"होय."

"मग माणसानं खाली जायचं आणि उरलेले पन्नास टक्के कुठून आणायचे?"

लोक जागे झाले. मंत्री म्हणाले, "पेडल मागवण्यात आले आहे."

"कुठून?"

"वरून."

"वर कोण आहे?"

मंत्र्यांनी मागे अधिकाऱ्यांकडे पाहिलं. एक चिठ्ठी आली. ती वाचून ते म्हणाले, "वर मीच आहे." अध्यक्षांना हसू आवरेना, म्हणून ते पाणी प्यायले.

"मंत्रीमहोदयांनी ती खुर्ची एकदा तरी डोळ्यांनी पाहिली आहे का?" मास्तरांनी विचारलं, आणि समोरच्या बाकांवरून आरडाओरडा सुरू झाला. मंत्र्यांचे कान लाल झाले. माणूस वाईट नव्हता हो, पण सकाळपासून गटारं, रुग्णवाहिका, पाण्याची टाकी आणि आता ही खुर्ची! त्यांनी कागद आपटला आणि सवयीनं जे वाक्य पहिलं तोंडात येतं ते आलं.

"अध्यक्ष महोदय, मी सभागृहाला खात्री देतो, की मी स्वतः जाऊन त्या खुर्चीवर बसेन, तिथे माझा दात काढून घेईन, म्हणजे तरी सन्माननीय सदस्यांच्या जिवाला शांती मिळेल!"

सभागृह खो खो हसलं. मंत्रीही हसले. सगळे जेवायला गेले आणि विसरले.

दुसऱ्या दिवशी तो कागद बाईंच्या टेबलावर आला. लाल पेन्सिल चालता चालता थांबली. 'मी सभागृहाला खात्री देतो.' नंबर सात. खुर्ची ओळखीची होती. आपल्या सासूच्या दातांसाठी तर आपली पेन्सिल वळत नाही ना? एकोणतीस वर्षांत एकही नोंद त्यांनी मनाला वाटलं म्हणून केली नव्हती. त्यांनी दवाखान्याच्या नावावर अंगठा ठेवला आणि वाक्य पुन्हा वाचलं. आश्वासनच होतं. दुसऱ्या कुठल्या दवाखान्याचं असतं तरी आश्वासनच होतं. मग त्यांनी ठसठशीत अक्षरात नोंद केली. (अ) मा. मंत्री स्वतः खुर्चीवर बसतील. (ब) तेथे दात काढून घेतील. (क) त्यामुळे मा. सदस्यांच्या जिवाला शांती मिळेल. 'क'च्या पुढे त्यांनी कंसात लिहिलं, सदस्यांचे लेखी प्रमाणपत्र आवश्यक.

तिसऱ्या दिवशी शाखाप्रमुख धापा टाकत आले. "बाई! ही थट्टा होती हो!"

"यादीत थट्टेला सूट नाही, साहेब."

"मंत्र्यांच्या कचेरीतून तीन फोन आले. नोंद वगळा म्हणतात."

"वगळता येते ना. मंत्र्यांनी फक्त आमदारांच्या आश्वासन समितीला लिहून द्यायचं, की सभागृहाला दिलेली खात्री मी मनापासून दिली नव्हती."

शाखाप्रमुखांनी ते फोनवर सांगितलं. पलीकडून जे ऐकू आलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. फोन ठेवून त्यांनी बाईंचं सेवापुस्तक उघडलं, पत्ता पाहिला आणि त्यांचा चेहरा उजळला. "अरे वा! दवाखाना तुमच्याच गल्लीतला! आणि घरात म्हातारी सासू, दात नसलेली, सगळ्या ऑफिसला माहीत आहे. बाई, पाच महिन्यांनी निवृत्त होणार तुम्ही. 'वैयक्तिक हितसंबंध' असा शेरा बसला तर एकोणतीस वर्षांवर पाणी पडेल. उद्या सकाळपर्यंत खोडा."

बाई घरी आल्या त्या तोंड एवढंसं करून. नवऱ्यानं विचारलं, काय झालं? बाईंनी सगळं सांगितलं. तो म्हणाला, "हं." पण सासूबाईंनी पावाचा तुकडा खाली ठेवला.

"खोटं लिहिलंस का?"

"नाही, आई. नंबर सातचं वाक्य आहे."

"मग खोडायचं कशाला? कागद आण. मी लिहून देते, मला दात नकोत म्हणून. लाव त्याला जोडून. मग तर तुझा काही संबंध नाही ना उरत?"

बाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. या बाईनं एकोणीस महिने दातांसाठी घर डोक्यावर घेतलं होतं, आणि आता सुनेच्या एका ओळीसाठी ती दातांवर पाणी सोडायला निघाली होती. बाईंना सणसणीत राग आला. मंत्र्यांचा, शाखाप्रमुखांचा, पेडलचा, सगळ्यांचाच.

"काही लिहून द्यायचं नाही," त्या म्हणाल्या. "खाऊन घ्या मुकाट्यानं."

सकाळी त्यांनी शाखाप्रमुखांपुढे एक चिठ्ठी ठेवली. 'मी त्याच गल्लीत राहते. सासूबाईंना दात नाहीत. सबब ही नोंद मी सोडून अन्य कुणी तपासावी.' अन्य कुणी म्हणजे शाखाप्रमुखच, कारण शाखेत तिसरं माणूस नव्हतं. त्यांनी दिवसभर तपासलं. वाक्य उलटं वाचलं, सुलटं वाचलं, भिंतीपाशी जाऊन यादीवर बोट ठेवून चौतीसच्या चौतीस वाक्यं वाचली. पाच वाजता ते हताश होऊन खुर्चीत बसले. "सातच आहे हो," ते म्हणाले आणि त्यांनी सही केली. भित्रा माणूस, पण नियमापुढे तोही वाकला.

चौऱ्याऐंशीव्या दिवशी मंत्री दवाखान्यात आले. बरोबर फोटोवाले होते. मास्तर आले होते, कारण त्यांच्या जिवाच्या शांतीचा प्रश्न होता, आणि रजिस्टर छातीशी धरून बाई आल्या होत्या, कारण जागेवर खात्री करायची होती. आदल्या आठवड्यात वरून माणसं येऊन खुर्चीचं काम करून गेली होती. हिरवा रंग दिला होता, नवी गादी शिवली होती, शेजारी फुलझाडाची कुंडी ठेवली होती. खुर्ची हातांनी उचलून वर आणली होती, पेडल तेवढं जुनंच होतं.

मंत्री ऐटीत बसले, फोटो निघाले, आणि ते उठायला लागले.

"हे 'अ' झालं, साहेब," बाई म्हणाल्या. "'ब' राहिलं."

"अहो, 'ब' काय? दात चांगले आहेत माझे!"

पण डॉक्टरीणबाईंनी पेडल दाबलं होतं आणि खुर्ची मागे कलंडत झोकात खाली गेली होती. या मुलीनं जवळजवळ दोन वर्षं प्लास्टिकच्या स्टुलावर बसवून लोकांचे दात नुसते बघितले होते, एकही उपटला नव्हता. तिचे हात शिवशिवत होते. "आ करा," ती म्हणाली. मंत्र्यांनी आ केला. "अगंबाई! अक्कलदाढ पार किडलीय."

"मला कधी दुखली नाही!"

तिनं दाढ जरा दाबली. "आई गं!" मंत्री ओरडले.

"दुखते," ती म्हणाली आणि इंजेक्शन भरायला लागली. मंत्र्यांनी केविलवाणेपणानं बाईंकडे पाहिलं. "दुसरा एखादा सोपा दात चालेल का?"

"आश्वासनात दाताचं वर्णन नाही. डॉक्टर म्हणतील तो."

दाढ निघाली. बाटलीत गेली. बाईंनी बाटलीवर चिठ्ठी चिकटवली आणि रजिस्टरात 'ब'पुढे वेळ लिहिली. डॉक्टरीणबाईंनी मंत्र्यांच्या गालात कापसाचा बोळा कोंबला आणि वर आणायचं पेडल दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं. पायानं लाथ घातली. डोकं खाली, चकचकीत बूट वर, असे मंत्रीमहोदय आडवेच राहिले. फोटोवाल्यांना कुणीतरी बाहेर काढलं, पण जरा उशिरा.

मास्तर वाकून मंत्र्यांच्या तोंडासमोर आले. "अध्यक्ष महोदय इथे नाहीत, तरी एक पुरवणी प्रश्न. नवी खुर्ची देणार काय?"

मंत्र्यांनी जोरजोरात मान हलवली.

"मान हलवणं यादीत नाही," बाई म्हणाल्या. त्यांनाही वाईट वाटत होतं, पण नाही म्हणजे नाही.

"दे... ईन!" कापसाच्या आडून आवाज आला.

"सभागृहाबाहेरचं बोललेलं धरता येत नाही, साहेब. लेखी असेल तर चालेल."

मंत्र्यांनी हात पसरून पेन मागितलं. आडवं पडून वर धरलेल्या कागदावर पेन काही उमटेना. शेवटी बाईंनी आपली लाल पेन्सिल दिली. ती त्यांनी एकोणतीस वर्षांत कुणाच्या हातात दिली नव्हती. डॉक्टरीणबाईंच्या औषधाच्या चिठ्ठीवर मंत्र्यांनी उताण्यानं हुकूम लिहिला, 'आजच नवी खुर्ची द्या', खाली सही, आणि सहीखाली आपणहून 'खरंच' असं लिहिलं. मग ड्रायव्हर आणि दवाखान्याची झाडूवाली अशा दोघांनी मिळून त्यांना ओढून उभं केलं.

नऊ दिवसांत खुर्ची आली. खाली जाणारी आणि वरही येणारी. सासूबाईंचा नंबर दवाखान्याच्या यादीत सातवा होता, आणि बाईंनी तो सहावा होऊ दिला नाही. खुंट निघाले, हिरड्या भरल्या, माप झालं.

इकडे 'क' अडकून बसलं. बाईंनी प्रमाणपत्राचा कागद मास्तरांना पाठवला, मास्तरांनी तो कोरा परत केला. पुन्हा पाठवला, तर ते स्वतःच शाखेत आले. निवृत्तीला आठ दिवस उरले होते.

"खुर्ची आली हे ठीक," मास्तर म्हणाले. "पण मंत्र्यांचा दात गेला, लोकांना काय मिळालं? गेलेले दात एक, आलेले शून्य. हे गणित मला पटत नाही. खुर्चीमुळे दात आलेला एक माणूस दाखवा, लगेच सही करतो."

बाईंच्या घरी असं माणूस होतं. काल संध्याकाळीच कवळी बसली होती. पण आपल्याच सासूला पुरावा म्हणून कुठल्या तोंडानं उभं करायचं? शाखाप्रमुखांनी छताकडे पाहिलं. बाईंना वाटलं, संपलं, एक नोंद अपुरी ठेवूनच आता घरी जायचं.

तेवढ्यात दार लोटून सासूबाई आत आल्या. मागे त्यांचा मुलगा, म्हणजे बाईंचा नवरा. मास्तर सही करत नाहीत आणि उद्या शाखेत येणार आहेत, हे काल रात्री जेवताना बाईंनी ऐकवलं होतं आणि तो 'हं' म्हणाला होता. या वेळी त्या 'हं'मध्ये काहीतरी होतं म्हणायचं.

"कोण ते मास्तर?" सासूबाईंनी विचारलं, पिशवीतून लालबुंद सफरचंद काढलं, पदराला पुसलं आणि कर्रकन चावा घेतला. साऱ्या शाखेला ऐकू गेला. त्या सावकाश, डोळे मिटून चावत राहिल्या. रस हनुवटीवर ओघळला. मास्तरांनी खिशातून पेन काढलं आणि 'जिवाला शांती मिळाली' याच्या खाली सही ठोकली. शाखाप्रमुखांनी साक्षीदार म्हणून केली, कुणी मागितली नसताना.

घास गिळून सासूबाई सुनेकडे वळल्या. "त्या निळ्या वहीत, पहिल्या पानावर, माझ्या नावाचं काहीतरी आहे ना?"

बाईंच्या हातून पेन्सिल पडली. "तुम्हाला माहीत होतं, आई?"

"बत्तीस वर्षं वही उशाशी घेऊन झोपतेस, मी काय आंधळी आहे? शेवटचा दात पडला त्याच दिवशी म्हणणार होते. आरशापुढे म्हणून पाहिलं. 'हाब्बाह' झालं." सासूबाईंनी तोंड वाकडं केलं. "असलं फुसकं कुणाला द्यायचं? म्हटलं, दात येऊ देत. तर तुझं ते सरकार!"

त्यांनी अर्धं सफरचंद टेबलावर ठेवलं, कवळी जिभेनं नीट बसवली आणि सगळ्यांसमोर खणखणीत म्हणाल्या, "शाब्बास, पोरी. शाब्बास."

पूर्तताबाई रडल्या. रजिस्टर आधी बाजूला सरकवलं, शाई पसरू नये म्हणून, आणि मग मनसोक्त रडल्या. शाखाप्रमुखांनी आपला रुमाल पुढे केला. सासूबाई म्हणाल्या, "पुरे गं," आणि सफरचंद पुन्हा उचललं.

घरी आल्यावर बाईंनी निळी वही उघडली. स्वतःच्या नावाची नोंद बंद केली. मग पहिलं पान काढलं आणि सासूबाईंच्या नावापुढे लाल पेन्सिलीनं लिहिलं, पूर्तता झाली. शेजारचा रकाना रिकामा होता, तोही त्यांनी भरला. विलंबाचे कारण, दात नव्हते.